गरम हवेची झडप

जानेवारीत डोंगरपायथ्याच्या आमच्या नान्युकीची हवा कोरडी होते आणि उत्तरेकडील वाळूत वर्षभर राबलेली विमाने एकामागून एक माझ्या हँगरमध्ये तपासणीला येतात. मी आधी पंखा पाहत नाही, पंखही पाहत नाही. खाली वाकून नाक पाहतो. विमानाचे इंजिन पेट्रोलपेक्षा हवा कितीतरी अधिक पिते, आणि या मुलखात हवेबरोबर लाल मुरूमही पिते. म्हणून हवा आत घेणारी पत्र्याची पेटी सर्वांआधी झिजते. तिच्या सांध्यांना भेगा पडतात, रिव्हेट सैल होतात, आतल्या झडपेची दांडी आपलीच छिद्रे कुरतडून लंबगोल करते. हे सारे नित्याचे आहे.

त्या सकाळी कांगा उतरली ती धावपट्टीवर दोन घिरट्या घालूनच. कांगा म्हणजे आमच्याकडची ठिपक्यांची रानकोंबडी. विमान मुळात पांढरे होते. खड्यांनी उडालेल्या रंगावर माझे उस्ताद मुरिथी म्झे (म्झे म्हणजे वडीलधारे) वर्षानुवर्षे राखाडी ठिपके लावीत गेले आणि हे नाव त्याला आपोआप चिकटले. शेपटीखाली चाक असलेले, माझ्याहून वयाने मोठे असे ते विमान म्झेंच्या पत्नी कगेंदो चालवीत. सत्तरी उलटली तरी बारागोई आणि त्यापलीकडील वस्त्यांना लसी व औषधे त्याच पोहोचवीत असत. आम्ही त्यांना शोशो म्हणत असू, म्हणजे आजी. आणि दर वेळी त्यांची बोलणी खात असू.

"कुणाच्या बकऱ्या त्या, एकाई?" खाली उतरताच त्यांनी पेट्रोलपंपावरच्या माणसाला विचारले.

"गावच्या आहेत, शोशो. त्या रोज याच वेळेला चरतात. तुम्हीच न सांगता येता."

"तू पेट्रोल भर. तोंड मागाहून चालव." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तू काय दात काढतोस, इरेरी? घे तपासायला तुझ्या बहिणीला."

कांगाला त्या माझी बहीण म्हणत, कारण आम्ही दोघेही मुरिथी म्झेंच्या हाताखालचे. मला पत्रा कापायला, रिव्हेट ठोकायला आणि शंका येताच थांबायला म्झेंनीच शिकविले. दोन पावसांमागे तिमाऊ गावच्या घरी, आपल्या मधाच्या पोळ्यांच्या सान्निध्यात, ते झोपेतच गेले. त्यानंतर कांगाच्या पेटीला कोणाचा हात लागला नव्हता. शोशो दर वेळी काही ना काही निमित्त काढून ती उघडू देत नसत.

या वेळी मी ती उघडली. झडपेच्या कडेचे दोन रिव्हेट मी नुसत्या नखाने फिरविले.

"शोशो, ही पेटी आता चालायची नाही," मी म्हणालो. "हे रिव्हेट सुटले तर थेट कार्बुरेटरच्या घशात जातील. आकाशात इंजिन बंद पडेल."

त्यांनी पेटीकडे पाहिलेच नाही. "दुरुस्त केलीस, तर ती वाजायची थांबेल का?"

"कोण वाजायची?"

"चल, बस आत. ऐकवते."

त्यांनी इंजिन सुरू केले, मूठ हळूहळू पुढे सारली, आणि फेऱ्यांचा काटा एका ठराविक जागी आल्यावर हात स्थिर धरला. इंजिनाच्या घरघरीतून एक बारीक शीळ वर आली. आधी खालचा स्वर, मग वरचा, आणि शेवटी तो वरचा स्वर किंचित वाकून खाली आलेला. ती मी पूर्वी शेकडो वेळा ऐकली होती. पोळ्यांकडून घरी येताना, कुंपणाशी पोहोचल्यावर, म्झे अशीच शीळ घालीत. आणि ती ऐकून घरात शोशो चहा चुलीवर ठेवीत.

इंजिन बंद झाले. पंखा थरथरून थांबला.

"दांडीभोवती फट पडली आहे," मी म्हणालो. "तिच्यातून हवा शिरते. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की वाजते ना, तसंच आहे हे."

"बाटली वेळ बघून वाजते का रे?"

"म्हणजे?"

"तिमाऊच्या बाजूला ढगात शिरले की आत बर्फ धरतो, हे तूच सांगतोस मला शाळेतल्या पोरीला सांगावं तसं. बर्फ धरायच्या आधी हे शीळ घालतात. मी गरम हवेची मूठ ओढते. पुन्हा एकदा शीळ घालतात, की परत सारते. गेल्या पावसात मी काट्याकडे बघितलंसुद्धा नाही."

डोंगराच्या ढगातील ओलसर हवा कार्बुरेटरच्या गळ्यात गारठते, तिथे बर्फाचे कडे धरते आणि इंजिन गुदमरू लागते. त्यावर उपाय एकच असतो: वैमानिक मूठ ओढतो, पेटीतील झडप फिरते, थंड हवेची वाट मिटते आणि धुराड्याभोवती तापलेली हवा आत येते. परंतु ही वेळ ओळखावयाची ती फेऱ्यांच्या काट्यावरून. ढगात, डोंगराच्या खांद्याशी, ही स्त्री एका झिजलेल्या पत्र्याच्या शिळेवर जीव सोपवून उडत होती.

"शोशो, तुम्ही काटा बघतच नाही?"

"हे सांगतात ना!" त्या सहज म्हणाल्या, आणि मग खालच्या आवाजात: "हे बघ, इरेरी. त्यांचे कपडे मी वाटून टाकले. मधमाश्यांची पोळी माझ्या भावाला दिली. खाट होती तीसुद्धा दिली. एवढं एकच राहिलंय माझ्याकडे. तू तेच काढून घेतोस."

जे खरे होते तेच मी सांगितले. "म्झे असते, तर माझ्याआधी त्यांनीच ही पेटी उतरवली असती. तुम्हाला विचारलंही नसतं."

हँगरच्या पत्र्यावर उन्हाने टकटक आवाज होत होता. शोशोंनी विमानाच्या नाकावरून तळवा फिरविला, जसा त्या आपल्या गायीच्या कपाळावरून फिरवीत.

"काढ," त्या म्हणाल्या. "मी मेरूला बहिणीकडे जाते. माझ्यासमोर नको करूस."

पेटी उतरवून मी टेबलावर घेतली. जुने रिव्हेट काढले, झडप सोडविली, दांडी उपसून बाजूला ठेवली. झडपेच्या कडेला लोकरीच्या नमद्याची पट्टी असते. झडप मिटली की हवा पाझरू नये यासाठी. तो नमदा मेणाने पिवळा पडला होता. नियमाप्रमाणे तो कोरडा ठेवावयाचा. परंतु म्झे आपल्या पोळ्यांचे मेण अंगठ्याने त्यात चोळीत आणि म्हणत की मधमाशीने जी फट बुजविली तिच्यातून वारा जात नाही. मी मेण खरवडले, पेटी धुतली, पुसली. भेगांच्या टोकांना बारीक भोके पाडली, म्हणजे भेग पुढे सरकत नाही. आतून पत्र्याचा जोड दिला.

दुपार झाली होती. दाराबाहेर जॅकरंडाचे पानही हलत नव्हते. टेबलावर पेटी उघडी पडली होती. तिच्यात ना झडप होती, ना दांडी. ती म्हणजे चार भोके पडलेला एक रिकामा पत्रा.

त्या पत्र्यातून शीळ आली.

खालचा स्वर, वरचा, आणि वाकून खाली.

मी हातातली कानस खाली ठेवली. पेटीवर तळवा धरून पाहिला. वारा कुठूनच येत नव्हता. बाहेर पिंपावर बसून मका-घेवड्याची गिथेरी खात असलेल्या एकाईने मान वर केली.

"फुंडी," कारागिराला म्हणतात तसे त्याने मला हाकारले, "शोशो आल्या का?"

"नाही. का रे?"

"मग म्झे कुणाला बोलावतात?"

तो सवयीने बोलून गेला आणि बोलता बोलताच थांबला. मक्याचा दाणा त्याच्या ओठावर तसाच राहिला. मग त्याने डबा झाकला आणि पंपाकडे निघून गेला.

पत्रा तापला की आकुंचन-प्रसरण होते आणि आवाज निघतात, असे मी स्वतःला सांगितले. सावलीतला पत्रा तापतो कसा, हे मात्र विचारले नाही. पितळेचे नवे बुश बसविले, त्यांतून नवी दांडी फिरवून पाहिली. ती लोण्यातून फिरावी तशी फिरली. झडपेला नवा, पांढरा, कोरडा नमदा लावला. त्याखालचा सरस वाळत ठेवून, हँगरला कुलूप घालून घरी गेलो.

सकाळी येऊन पाहतो तो नमदा पिवळा होता.

मी तो हातात घेतला. मेण कडेकडेने, आतून बाहेर, लहान लहान अर्धवर्तुळांत चोळलेले होते. आणि कोपऱ्यात, जेथे नमदा संपतो, तेथे ते जरा दाबून पसरविले होते. अंगठ्याच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. हात लावला तर मेण अजून मऊ होते, आणि नान्युकीच्या सकाळी श्वासाची वाफ दिसते इतकी थंडी असते.

शोशो मेरूहून परतल्या तेव्हा मी विचारले, "तुम्ही इथे येऊन गेलात का?"

"आता येतेय. बसमधून अंग आंबलंय माझं. का?"

"नमद्याला मेण लावलंय कुणीतरी."

त्यांनी माझ्या हातातली झडप घेतली, नाकाशी नेली. डोळे मिटून वास घेतला.

"माझ्या घरात मेण नाही, इरेरी," त्या म्हणाल्या. "माश्यांची पोळी दिली तेव्हापासून मी मध बाजारातून आणते, आणि तोसुद्धा साखरेचा निघतो." झडप माझ्या हातात परत ठेवताना त्यांनी ती दोन्ही हातांनी ठेवली. "पुसू नकोस."

मी पुसले नाही. मेणाने अपाय होत नाही, एवढे कारण मला पुरले.

पेटी जोडून झाल्यावर मी तिच्यात दिवा सोडला आणि हँगरची दारे लावून घेतली. झडप मिटलेली असताना कोठून उजेड पाझरतो का, हे पाहण्याची ही आमची जुनी पद्धत. उजेडाची एक रेघही बाहेर आली नाही. पेटी इंजिनाला बसविली, मुठीची तार झडपेच्या दांडीला नव्या स्क्रूने जखडली, ओढून, सोडून, पुन्हा ओढून पाहिली. मग शोशोंनी इंजिन सुरू केले आणि काटा त्या ठराविक जागी आणला.

शीळ आली नाही. त्या मान वाकवून ऐकत राहिल्या. पुष्कळ वेळ ऐकत राहिल्या.

"शांत आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"फार शांत आहे रे."

आमच्या धावपट्टीवर एक रीत आहे. ज्याने दुरुस्ती केली त्याने पहिल्या उड्डाणात शेजारी बसावयाचे. ती कोणी घातली ते ठाऊक नाही, पण तिच्यामुळे स्क्रू नीट आवळले जातात. मी पट्टा बांधत असता एकाई खिडकीशी आला.

"फुंडी, तुझ्या त्या तळलेल्या मंदाझी माझ्याकडे दे. परत आलास तर नव्या घेऊन देईन."

"आणि नाही आलो तर?"

"तर गार होतील ना उगीच."

शोशो हसल्या नाहीत. कांगाने लाल धुळीचा लोट मागे टाकला आणि ती वर उठली.

खाली गव्हाची शेते सरकू लागली. तिमाऊच्या पुढे डोंगराने नेहमीप्रमाणे ढग पांघरला होता. मला वाटले, शोशो त्याला वळसा घालतील. त्या सरळ आत शिरल्या. त्यांना काय ऐकावयाचे होते, ते मला समजले. म्हणून मी अडविले नाही.

सारे पांढरे झाले. काचेवर पाण्याचे थेंब मागे धावू लागले. इंजिन एकसुरी चालले होते आणि शोशो त्याच्याकडे कान देऊन बसल्या होत्या, चर्चमधील घंटेची वाट पाहावी तशा. त्यांचे डोळे समोरच्या पांढऱ्या शून्यावर होते.

मी काट्याकडे पाहिले. तो उतरत होता.

इतका सावकाश, की प्रथम मला माझाच भास वाटला. मग इंजिनाचा आवाज जाडावला.

"शोशो, गरम हवा!"

"त्यांनी अजून..."

"ते नाही सांगणार आता! काटा बघा!"

त्यांनी काटा पाहिला आणि मूठ ओढली. ती पूर्ण बाहेर आली. अगदी हलकी आली, काहीच न अडता. काटा उतरतच राहिला. इंजिनाने एक आचका दिला. विमान थरथरले. ढगात कोठेतरी उजवीकडे डोंगर होता. तो दिसत नव्हता.

दुसरा आचका.

शोशोंनी मुठीवरचा हात काढला नाही. पलीकडच्या खोलीत कोणाला हाक मारावी, तशा साध्या आवाजात त्या म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का?"

शीळ आली नाही.

मेणाचा वास आला. तापलेल्या मेणाचा, त्यात किंचित धूर मिसळलेला. पोळ्याजवळून आलेल्या माणसाच्या सदऱ्याला येतो तो. काटा आणखी थोडा घसरला, गरम हवा मिळाली की घसरतो तसा. इंजिन खोकले. वितळलेले पाणी त्याने गिळले, पुन्हा खोकले, आणि मग काटा थांबला.

वर चढू लागला.

आम्ही ढगाबाहेर आलो. खाली ऊन होते, मेंढ्या होत्या, एका घराच्या छपरावर कोणी मका वाळत घातला होता. शोशोंच्या गालांवरून पाणी ओघळत होते आणि त्या हसत होत्या.

"बघितलंस?" त्या म्हणाल्या. "न बोलता केलं या वेळी."

"दुरुस्ती चांगली झाली आहे, शोशो. झडप फिरली."

"हो रे बाबा. तुझी दुरुस्ती." त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटले. "यापुढे काटा बघत जाईन. त्यांना किती दिवस राबवायचं?"

उतरल्यावर त्या थेट चहाच्या टपरीकडे गेल्या. माझ्या मंदाझी एकाईने खरोखरच संपविल्या होत्या. त्यावरून त्या दोघांची जुंपलेली मला ऐकू येत होती. मी नाकाचे झाकण उघडले. मूठ इतकी हलकी का आली, हे मनातून जात नव्हते.

तारेला जखडणारा नवा स्क्रू मधोमध तुटला होता. तार झडपेच्या दांडीतून निसटून केव्हाच खाली लोंबत होती. तिच्या टोकावर लाल धुळीचा सारखा, अखंड थर बसला होता, धावपट्टीवरून उठताना बसतो तसा. म्हणजे आकाशात गेल्यापासून ती मूठ कशालाही जोडलेली नव्हती. आणि तारेने धरून ठेवल्याशिवाय ही झडप गरम बाजूला राहूच शकत नाही. उडताना हवेचा दाब तिला खाली रेटतो, जमिनीवर ती आपल्याच वजनाने खाली पडते.

ती वर होती. थंड हवेची वाट घट्ट मिटून, वर.

मी बोट आत घालून दांडी दाबली. अडकलेला पत्रा जसा अडतो, तशी ती अडली नाही. ती किंचित मागे आली आणि पुन्हा सावकाश आपल्या जागी गेली. दांडीला ऊब होती.

मी बोट काढून घेतले. टपरीकडे पाहिले. शोशोंची माझ्याकडे पाठ होती. त्या कपात साखर ढवळीत कशावर तरी मोठ्याने हसत होत्या. आसपास कोणी नव्हते. मी पेटीच्या तोंडाशी वाकलो.

"म्झे," मी हळूच म्हणालो, "आम्ही उतरलो. सोडा आता."

मी पाहत असतानाच दांडी फिरली, आणि झडप, आवाज होऊ नये अशा बेताने, खाली आली.